पाणी द्यावं का? रस्ता सोडावा का?

प्रश्न : मावशी, सलाम. आम्ही मोर्शी तालुक्यातले. चार एकर वावर, त्यात संत्र्याची बाग. धुऱ्याला धुरा लागून ज्यांचं वावर आहे, त्यांची विहीर दोन वर्षांमागे ऐन उन्हाळ्यात आटली. आंबिया बहाराची फळं झाडावर होती. आमच्या घरच्यांनी आपल्या विहिरीवरून पाइप टाकून त्यांची बाग वाचवली, एक पैसा घेतला नाही. त्याच वर्षी त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, तर आमच्याच गाडीनं तिला अमरावतीला नेलं. आणि यंदा दिवाळीनंतर त्यांनी आमची पांदण, म्हणजे बागेत जायची गाडीवाट, बंद केली. बोरीच्या काट्या टाकल्या, मधोमध जेसीबीनं नाली खोदली. व्यापाऱ्याची गाडी बागेपर्यंत येईना. कॅरेट डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत न्यावे लागले आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला तो वेगळाच. वरून गावात सांगतात, 'त्याइच्या घरचं पाणी पिऊ नोका, ते देव बदलोतात.' माझा मुलगा म्हणतो, काट्या पेटवून देतो. पाळकसाहेब म्हणतात, क्षमा करा. मी प्रार्थनेला बसते तर डोळ्यांसमोर त्या काट्याच येतात. आता उन्हाळा तोंडावर आहे. त्यांची विहीर पुन्हा तळाला गेली आणि त्यांच्या सुनेनं निरोप धाडला, 'काकू, पाणी द्यान काय?' काय सांगू तिला?

उत्तर : हो सांग. पाणी दे बाई. आणि रस्त्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज कर. दोन्ही कामं याच आठवड्यात कर, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध लावू नकोस.

तुला गावातले चार जण शिकवतील, 'आधी काट्या उचलायला लाव, मग पाइप टाक.' ऐकायला बरोबर वाटतं. पण पुढचा विचार कर. पाण्याच्या बदल्यात रस्ता मिळाला, तर तो रस्ता त्याच्या गरजेपुरताच राहील. ज्या वर्षी पाऊस चांगला होईल आणि त्याच्या विहिरीला पाणी टिकेल, त्या वर्षी काट्या परत येतील. वहिवाटीचा रस्ता तुमचा हक्क आहे, तो कोणाच्या तहानेवर अवलंबून का ठेवायचा? आणि पाण्याचंही तेच. आजवर तुम्ही देवाला स्मरून दिलं, आता ते सौद्यात घातलं तर दोन वर्षांमागचं देणंही सौद्यातच जमा होईल.

प्रेषित पौलानं रोम शहरातल्या मंडळीला लिहिलं, तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, तान्हेला असेल तर त्याला प्यायला दे. हे बाराव्या अध्यायात आहे, तुला पाठही असेल. पण त्याच्या दोन ओळी आधी तोच पौल म्हणतो, तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांततेनं राहा. तुमच्याकडून होईल तितकं! समोरच्याकडून काय होईल याची जबाबदारी त्यानं तुझ्या पदरात टाकलेली नाही. पाणी दिल्यानं तो माणूस बदलेलच, असं मी तुला सांगत नाही. बदलेल तर आनंद आहे. न बदलला तरी तुझं पाणी वाया गेलं असं होत नाही, कारण झाडं तर जगली ना?

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राची एक गोष्ट आहे, ती आपल्या कास्तकार लोकांना चांगली कळते. वैऱ्याचा बैल भटकताना दिसला तर तो त्याच्या घरी नेऊन पोचव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर त्याला उठवायला हात लाव. आधी भांडण मिटव आणि मग बैल ने, असं तिथं लिहिलेलं नाही. भांडण चालू असतानाच बैल पोचवायचा आहे. बैलानं तुझं काय बिघडवलं? त्या संत्र्याच्या झाडांनीही तुझं काही बिघडवलेलं नाही. कलम लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. एका उन्हाळ्यात झाड वाळलं की ती सगळी वर्षं गेली. आणि त्या सुनेनंही तुझं काही बिघडवलेलं नाही. निरोप पाठवायला तिला घरात काय काय सहन करावं लागलं असेल, ते तू मी समजू शकतो.

देताना मात्र काही गोष्टी सांभाळ. आपल्या विहिरीत किती पाणी आहे ते आधी पाहा. आपल्या झाडांचं भागवून उरेल तेवढंच दे, आणि तितकंच देणार हे पहिल्याच दिवशी सांग. वरुड-मोर्शीकडं भूजल किती खाली गेलं आहे ते तुला मी काय सांगावं. आपली बाग वाळवून दुसऱ्याची जगवावी असं मी म्हणत नाही. दुसरं, 'सासऱ्याला म्हणावं येऊन माफी माग' असला निरोप उलट पाठवू नकोस. आणि त्या रात्री आम्ही गाडीनं नेलं होतं, ही गोष्ट गावात कधीच काढू नकोस, कितीही राग आला तरी. ती रात्र त्या पोरीची आहे.

आता रस्त्याचं. क्षमा केली म्हणजे रस्ता सोडून द्यायचा, असा आपल्या मंडळ्यांत एक समज आहे आणि त्यानं गरीब माणसाचं फार नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. प्रभू येशूला मुख्य याजकापुढं उभं केलं, तेव्हा एका शिपायानं त्याच्या तोंडात मारली. त्यानं उलट हात उचलला नाही. पण तो गप्पही बसला नाही. 'मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर. बरं बोललो असेन तर मला का मारतोस?' असं त्यानं त्याला सरळ विचारलं. योहानाचा अठरावा अध्याय पाहा. फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की आता निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत. आम्हांला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं. रात्री तुरुंगात गीतं गाणारा आणि सकाळी आपला हक्क मागणारा हा एकच माणूस आहे.

तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, याच्या कलम 5 खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. अडथळा आला त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. दिवाळीनंतर काट्या टाकल्या म्हणतेस, म्हणजे मुदत अजून हातात आहे, पण ती जाऊ देऊ नकोस. सातबारा आणि गावनकाशाची नक्कल जोड. पांदण कधीपासून वापरात आहे ते सांगणारे शेजारचे दोन-तीन कास्तकार पाहून ठेव. नालीचे आणि काट्यांचे फोटो काढ. तहसीलदार जागेची पाहणी करून दोन्ही बाजू ऐकतात. तालुक्याच्या एखाद्या वकिलाकडून अर्ज नीट लिहून घे. अर्जात रस्त्याबद्दलच लिही. पाणी, गाडी, बाळंतपण, यातलं एक अक्षर त्यात नको. आणि अर्ज करायच्या आधी एकदा त्या भाऊंना समोर बसून सांगा की आम्ही अर्ज करतो आहोत. पाठीमागून नोटीस गेली तर ती जास्त झोंबते.

मुलाला काट्या पेटवू देऊ नकोस. वारा फिरला तर आग कोणाच्या बागेत जाईल ते सांगता येत नाही, आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होईल. त्याला 1 शमुवेलचा पंचविसावा अध्याय वाचायला दे. दावीदाच्या माणसांनी रानात नाबालाची मेंढरं राखली होती. कातरणीच्या वेळी त्यांनी थोडं अन्न मागितलं, तर नाबाल म्हणाला, कोण हा दावीद? दावीद चारशे माणसं आणि तलवारी घेऊन निघाला. वाटेत तो काय म्हणतो पाहा: ह्याचं सगळं मी राखलं ते फुकटच गेलं, बऱ्याची फेड ह्यानं वाइटानं केली. तुझ्या मुलाच्या तोंडी हेच आहे ना? त्या दिवशी दावीदाला अडवलं ते नाबालाच्या बायकोनं, अबीगईलनं. दोनशे भाकरी, पाच सोललेली मेंढरं, हुरडा, मनुका, अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून ती स्वतः सामोरी गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं की उद्या तुम्ही राजा व्हाल, तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची टोचणी मनाला नसावी. मुलाला हे सांग. त्याचं लग्न व्हायचं आहे, त्याला याच गावात राहायचं आहे, याच धुऱ्यावरून जायचं आहे.

गावात जे बोलतात, त्याला चौकात उत्तर देत बसू नकोस. तुमच्याकडं कोण येतं, काय गातात, काय शिजतं ते गावाला इतकी वर्षं दिसतंच आहे. कोणी दारात येऊन शिवीगाळ केली, मारायची भाषा केली, तर 112 ला फोन कर, त्यात लाजू नकोस. आणि एक आठवण ठेव. 1893 साली पुण्यात पंडिता रमाबाईंवर वर्तमानपत्रांतून असाच आरोप झाला, की ह्या मुलींचा धर्म बदलतात. पालकांनी रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतून आपल्या मुली काढून नेल्या. ज्यांनी साथ द्यायचं कबूल केलं होतं, ते हितचिंतकही दूर झाले. नंतर 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. लोक काय बोलले होते हे त्यांना माहीत होतं आणि लोक पुन्हा बोलतील हेही माहीत होतं. दुष्काळात मुली मरत होत्या, म्हणून त्या आल्या.

प्रार्थनेत काट्या दिसतात म्हणतेस. मग काट्यांबद्दलच बोल. मन स्वच्छ करून मग देवापुढं बसावं, असं ठरवलंस तर बसणंच होणार नाही. पस्तिसावं स्तोत्र मोठ्यानं वाच, वावरात एकटी असताना वाच. तिथं दावीद म्हणतो, ते आजारी होते तेव्हा मी उपास केला, आईसाठी रडावं तसा मी वाकून चाललो, आणि मी अडखळलो तेव्हा ते जमा होऊन हसले. हे त्यानं देवाला सांगितलं आहे, तक्रारीच्या आवाजातच सांगितलं आहे, आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. तुझी तक्रारही तिथंच ने. पाळकसाहेबांना म्हणावं, क्षमा करते आहे, पण आज एका दिवसात होत नाही, तुम्ही घरी येऊन माझ्याबरोबर बसा.

प्रश्न : आदरणीय मावशी, मी वाशीम जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. भाऊ गेल्यावर पुतण्याला माझ्याकडं ठेवलं. त्याच्या इंजिनिअरिंगसाठी दीड एकर विकलं. तो पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. मागच्या महिन्यात त्याचं लग्न झालं, मला पत्रिकासुद्धा आली नाही. गावातल्या एकानं फोनवरचा फोटो दाखवला तेव्हा कळलं. पत्नीच्या औषधांचा खर्च वाढला आहे. त्याच्याकडं हिशेब मागावा का? की ख्रिस्ती माणसानं तोंड मिटून बसावं?

उत्तर : गुरुजी, लग्नाचा फोटो परक्याच्या फोनमध्ये पाहावा लागला, हे वाचून मला फार वाईट वाटलं. याचं दुःख होऊ नये, असं कोणी तुम्हांला सांगत असेल तर ऐकू नका. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तेव्हा प्रभूनंही विचारलं होतं, 'बाकीचे नऊ कोठे आहेत?' त्यानं मोजलं होतं. त्यालाही ते लागलं होतं.

मी आयुष्याची बरीच वर्षं अचलपूर-परतवाड्याकडं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. सकाळी रुग्ण घमेल्यात पाय सोडून ओळीनं बसत. पाण्यात भिजून कातडं मऊ झालं की आम्ही तळव्याचा जाड थर खरवडत असू, जखम धुऊन पट्टी बांधत असू, वरून तेल लावत असू. महिनोन् महिने एकाच माणसाचा पाय मांडीवर घेतलेला असे. तीच माणसं बरी होऊन घरी गेली, की परतवाड्याच्या बाजारात आम्हांला पाहून तोंड फिरवत. नव्या मुली रडत. पण विचार करा, त्यानं मला 'सिस्टर, सलाम' म्हटलं तर शेजारी उभी असलेली त्याची सोयरीक विचारील, ही बाई तुम्हांला कशी काय वयखते? मला ओळख देणं म्हणजे त्या दवाखान्याची ओळख देणं होतं. उपकार विसरलेला माणूस क्वचित पाहिला मी. उपकाराचा साक्षीदार नको असलेली माणसं पुष्कळ पाहिली.

तुमच्या पुतण्याचं असंच असेल का? चांगल्या घरची सोयरीक, आणि इकडं ज्याच्या शिक्षणासाठी वावर विकावं लागलं ती गोष्ट. तो चुकला, यात शंका नाही. पण तो तुम्हांला विसरला म्हणून चुकला, असं मला वाटत नाही. त्या नऊ जणांनाही प्रभूनंच याजकाकडं पाठवलं होतं. लेवीयाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणं शुद्ध ठरायला आठ दिवसांचा विधी होता, आणि त्यानंतर कुठं बायकोपोरांत जाता येत होतं. ते घाईत निघाले. त्यांचं बरं होणं प्रभूनं परत घेतलं नाही.

आता पैशाचं. हिशेब मागू नका, गरज सांगा. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. पौल रोमच्या तुरुंगात होता, तेव्हा त्यानं तीमथ्याला लिहिलं, आलेक्सांद्र तांबटानं माझं फार वाईट केलं, तूही त्याच्यापासून सावध राहा. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणी माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, हे त्यांच्या हिशेबी न धरलं जावो. आणि त्याच पत्रात तो म्हणतो, त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, हिवाळ्यापूर्वी ये. थंडी वाजत होती, म्हणून त्यानं झगा मागितला. तोंड मिटून बसला नाही. तुम्हीही पुतण्याला पत्र लिहा. आधी दोघांना आशीर्वाद द्या, मनापासून द्या. मग लिहा की काकूच्या औषधांना दरमहा इतका खर्च येतो, त्यातला इतका भार तू उचलशील का. दीड एकराचा उल्लेख करू नका, तो त्याला माहीत आहे. उत्तर आलं नाही तर महिनाभरानं एक फोन करा. तेही नाही झालं तर मंडळीच्या वडिलांना गरज सांगा. जुने विद्यार्थी असतील, त्यांना सांगा. मदत कुठून यावी हे आपण ठरवून ठेवलं की दुसऱ्या दारातून आलेली दिसत नाही.

प्रश्न : मावशी, मी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. एका सभासद बाईला अडचणीत दोनदा कर्ज मिळवून दिलं. आता तीच म्हणते, अध्यक्षानं पैसे खाल्ले. मी राजीनामा द्यावा का? प्रभू सगळं पाहतो, मग मी सफाई कशाला देऊ?

उत्तर : राजीनामा देऊ नकोस आणि सफाई दे. प्रभू पाहतो हे खरंच आहे, पण गटातल्या बाकीच्या बायांचे पैसे आहेत, त्यांनाही पाहायचा हक्क आहे. यहूदियातल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी न्यायची होती, तेव्हा पौलानं ती एकट्यानं नेली नाही. तीताबरोबर आणखी माणसं धाडली, आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हांला दोष लावू नये, आणि प्रभूच्या दृष्टीनंच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं चोख ते आम्ही करतो. हे 2 करिंथच्या आठव्या अध्यायात आहे.

बचत गटांसाठीच्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या पंचसूत्रीत, म्हणजे गटाच्या पाच नियमांत, नियमित लेखे हे एक सूत्र आहेच. पुढच्या बैठकीत सीआरपी ताईला, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या 'उमेद'च्या गावातल्या ताईला, बोलव. बँकेचं पासबुक, कर्ज नोंदवही, प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक, सगळं सतरंजीवर मांड. वाचायला त्याच बाईला बसव, तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीला. एकेक हप्ता मोठ्यानं वाचू दे. फरक निघाला तर तिथंच दुरुस्त करून सगळ्यांच्या सह्या घे. नाही निघाला तर तसा ठराव लिही, पण त्यात तिचं नाव घालू नकोस. यापुढं वही एकीकडं आणि पैसे दुसरीकडं ठेवा. आणि पुढं तिचा कर्जाचा अर्ज आला, तो नियमात बसत असेल, तर बाकीच्यांसारखाच तिचाही नंबर लाव आणि सही कर.